पार्सल हबमधल्या हंगामी कामगारांची नोंद ठेवा: कामगार आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
कामगार भवन, वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

विषय: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या पार्सल हबमध्ये सणासुदीला लावलेल्या कामगारांना नेमणूकपत्र, हजेरीची नोंद आणि शेवटचा हिशेब मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती सप्टेंबरच्या मध्यावर गेलेत आणि दिवाळी नोव्हेंबरात. पार्सलचा हंगामही तेवढाच पुढे गेलाय. विसर्जन झालं की दिघा, रबाळे, घणसोली, कळवा, मुंब्रा इकडे मोबाइलवर निरोप फिरायला लागतील: सॉर्टिंगला मुलं-मुली पाहिजेत, आधार आणि पासबुक घेऊन या, उद्यापासून काम. ते निरोप सुटायच्या आत हे पत्र आपल्यापर्यंत पोचावं, म्हणून आत्ता लिहिते आहे.

गेल्या वर्षीच्या हंगामात मी पावणे एमआयडीसीतल्या एका पार्सल हबमध्ये काम केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका कंपनीला नोटीस जाऊन हा प्रश्न मिटणार नाही, आणि माझ्याबरोबरच्या बायकांना यंदा पुन्हा तिथंच काम मागायला जायचंय. माझी मागणी पगारवाढीची नाही. हंगामी काम बंद करा, असंही मी म्हणत नाही. या कामाची आम्हाला गरज असते. दोन-अडीच महिन्यांच्या पगारात मुलांच्या क्लासची फी निघते, घरभाड्याची थकबाकी फिटते, गावी चार पैसे जातात. मागणी एवढीच आहे की आम्ही काम केलं याची पक्की नोंद राहावी. आज हंगाम संपला की आमचं नाव कुठंच सापडत नाही.

आधी काम काय असतं ते सांगते, कारण 'सॉर्टिंग' म्हटलं की ऐकणाऱ्याला ते बसून करायचं हलकं काम वाटतं. भिवंडीच्या गोडाउनांकडून आलेल्या मोठ्या गाड्या रात्री मागून शटरला लागतात. थैल्या उतरवायच्या, सील कापायचं, खोकी आणि पाकिटं बेल्टवर सोडायची. बेल्टच्या दोन्ही बाजूंना आम्ही उभ्या. पाकीट उचलायचं, पिनकोड बघायचा, स्कॅन करायचं, बीप आली की त्या भागाच्या थैलीत टाकायचं. अख्खा पिनकोड कुणी वाचत नाही. पुढचे तीन आकडे ठाण्याला नि नवी मुंबईला सारखेच, ४००. बघायचे ते शेवटचे तीन. ७०८ ऐरोली, ७०३ वाशी, ६१४ बेलापूर, ६०५ कळवा, ७०९ आमचं कोपरखैरणे. नव्या मुलीला पहिल्या रात्री रडवतात ते ६०७ आणि ७०६. पहिला घोडबंदर रोडकडचा, दुसरा नेरुळचा. पहाटे तीनच्या सुमाराला डोळे जड झाले की आकडे मागेपुढे दिसतात आणि नेरुळचा मिक्सर घोडबंदरच्या थैलीत जातो. म्हणून जुन्या बायका शिफ्ट सुरू होतानाच या दोन थैल्या बेल्टच्या दोन टोकांना लावून घेतात. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. हंगामी बायकांनीच ते शोधून काढलंय आणि एकीनं दुसरीला शिकवलंय.

असं शिकलेली बाई पुढच्या वर्षी गेटवर गेली की तिला पुन्हा 'नवीन' म्हणून लिहितात, नव्याच्या दरानं लावतात. मागच्या वर्षी इथंच होते, असं ती सांगते. समोरचा म्हणतो, कागद दाखवा. कागद कुठून आणणार? तो तिला कधी मिळालेलाच नसतो.

आम्हाला कामावर कसं घेतात तेही सांगते. कंपनी थेट घेत नाही, ठेकेदारामार्फत घेते, आणि त्या ठेकेदाराच्या हाताखाली आणखी एक माणूस असतो जो प्रत्यक्ष मुलं-बायका गोळा करून आणतो. आधारची झेरॉक्स, पासबुकची झेरॉक्स, एक फोटो. एका फॉर्मवर सही घेतात. फॉर्म इंग्रजीत असतो आणि त्याची प्रत मागितली तर 'नंतर देतो' असं उत्तर येतं. त्यावर रोज किती, तास किती, काम कधीपर्यंत, मालक कोण, हे लिहिलेलं होतं की नाही ते मला आजही माहीत नाही. काम सुरू झालं की शिफ्टची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर यायची. ओटी, म्हणजे जादा तासांचं काम, आहे की नाही तेही तिथंच कळायचं. नेमणूक, हजेरी, तक्रार, सगळं त्या एका ग्रुपवर.

भाऊबीज झाल्यावर एका सकाळी शिफ्ट सुटताना गेटवर आमची कार्डं काढून घेतली. 'लोड कमी झालाय, गरज लागली की फोन करू.' घरी येऊन झोपले, दुपारी उठून बघते तर ग्रुपमधून नाव काढलेलं. ज्याच्या नंबरवर विचारायचं तो फोन उचलेना. शेवटचा पगार पुढच्या महिन्यात खात्यावर पडला, पण त्यात ओटी धरलेला नव्हता, आणि पाठवणाऱ्याच्या जागी तिसऱ्याच एजन्सीचं नाव होतं. त्या नावाच्या माणसाशी आमचा कधी संबंध आला नव्हता. किती दिवसांचे पैसे, कपात कशाची, पीएफ कापला की नाही, हे कळायला पगाराची स्लिप लागते. ती एकाही महिन्याला मिळाली नाही.

आमच्यातल्या एका ताईंनी मुलाच्या जुन्या वहीत रोजचं लिहून ठेवलं होतं. तारीख, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ, कुठल्या शटरला होत्या, सुपरवायझर कोण, ओटी किती. पेन्सिलीनं रेघा मारून रकाने पाडलेले, आठवडा संपला की खाली बेरीज. ती वही घेऊन त्या ठेकेदाराच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या माणसानं पानं चाळली आणि म्हणाला, 'ताई, अशी वही कुणीही घरी बसून लिहील.'

त्याचं म्हणणं मी मान्य करते. मग ज्याच्याकडे खरी नोंद आहे त्यानं ती दाखवावी. आणि नोंद आहे, साहेब. गेटवर बोट लावल्याशिवाय आत सोडत नाहीत. आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ मशीनमध्ये असते. आत स्कॅनरला लॉगिन लागतं, आणि कुठल्या लॉगिननं कुठलं पाकीट किती वाजून किती मिनिटांनी स्कॅन केलं ते कंपनीच्या सिस्टिममध्ये असतं. पण हंगामी माणसाचं लॉगिन काढायला वेळ जातो म्हणून एका कायम कामगाराच्या लॉगिनवर तीन-चार जणी काम करतात. रात्रभर आम्ही केलेले स्कॅन दुसऱ्याच्या नावावर चढतात. सकाळी फळ्यावर त्याचा आकडा सगळ्यात वर, आणि आमच्या नावापुढे काहीच नाही, कारण आमचं नावच नाही. त्या बिचाऱ्याचाही यात दोष नाही. त्याला उद्या तेवढेच स्कॅन एकट्यानं करायला सांगतात. माझी पहिली ठोस मागणी इथंच आहे: हंगामी कामगाराला पहिल्या शिफ्टलाच स्वतःच्या नावाचं लॉगिन मिळावं, आणि गेटवरच्या मशीनची महिन्याची हजेरी छापून त्याच्या हातात द्यावी. यासाठी कंपनीला नवं काही विकत आणावं लागत नाही.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण ओटीचे पैसे बुडाल्यावर चार ठिकाणी विचारलं, वाचलं, आणि वाचताना आश्चर्य वाटत गेलं. आमच्यासाठी कायदाच नाही अशी माझी समजूत होती. कायदा खूप जुना आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं की ठेकेदारानं पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर तो मुख्य मालकानं द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. म्हणजे ज्याच्या शटरला आम्ही उभ्या होतो, त्याला 'तुमच्या ठेकेदाराला विचारा' असं म्हणून मोकळं होता येत नाही. जादा तासांना दुप्पट दर आहे. आणि १९६५ च्या बोनस कायद्यात होतं तसं, वर्षात ३० दिवस काम भरलं की माणूस बोनसला पात्र होतो, किमान ८.३३ टक्के. गणपतीनंतर लागून दिवाळीपर्यंत राहिलेल्या जवळपास प्रत्येकाचे ३० दिवस भरतात. दिवाळीचा माल आम्ही पोचवायचा आणि दिवाळीचा बोनस आमच्यापर्यंत पोचत नाही, कारण तीस दिवस भरले हे दाखवायला हजेरीचा कागद नाही आणि मधेच एजन्सीचं नाव बदललेलं असतं. एका नावावर वीस दिवस, दुसऱ्या नावावर पंचवीस. काम त्याच बेल्टवर. एजन्सी बदलली तरी मुख्य मालक, जागा आणि काम तेच असेल तर ते दिवस एकत्र धरले जावेत, हे आपल्या कार्यालयानं स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

मी कामावरून सुटले त्यानंतर महिन्याच्या आत, २१ नोव्हेंबर २०२५ ला, देशात जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्याबद्दल कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यातले काही मलाही पटतात, पण आमच्या कामाच्या तीन गोष्टी त्यांत आहेत आणि त्या मी सोडणार नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं. कंत्राटी कामगारानं मागितला तर ठेकेदारानं त्याला अनुभवाचा दाखला द्यायचा, काय काम केलं ते लिहून. आणि कामावरून काढलं, कमी केलं किंवा माणूस स्वतः सोडून गेला तर दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता करायचा. या तिसऱ्या गोष्टीवर मला आत्ताच ऐकायला मिळालंय की, 'तुम्हाला काढलेलं नाही, तुमची मुदत संपली.' मुदत कुठं लिहिली होती? ज्या कागदावर मुदत लिहायची तो कागदच दिला नसेल, तर मुदत संपली असं म्हणायचा हक्क मालकाला कसा राहतो? नेमणूकपत्र नसलेल्या माणसाला थांबवलं की त्याला कामावरून कमी केलं असंच धरावं आणि दोन दिवसांत हिशेब करायला लावावा. माझ्या मते या एका गोष्टीनं नेमणूकपत्रं आपोआप निघायला लागतील.

ईएसआयसीबद्दल, म्हणजे कामगार विम्याबद्दल, एक प्रसंग सांगते. आमच्या शिफ्टला एक मुलगा होता, मूळचा मुरबाडकडचा. भरलेली ट्रॉली उतारावर सुटली आणि त्याचा पाय शटरच्या कडेला चेंगरला. पायाचं हाड मोडलं. त्याला रिक्षातून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, पट्टी झाली, हातात पाचशे रुपये ठेवले आणि घरी पाठवलं. 'बरा झालास की ये.' तो बरा होईतो हंगाम संपला. वागळे इस्टेटला कामगार हॉस्पिटल आहे, तिथं त्याला जाता आलं असतं, पण विमा क्रमांक विचारला असता तर सांगणार काय? नियम काय आहे बघा. साध्या आजारपणाची भरपाई मिळायला सहा महिन्यांच्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. हंगामी माणसाचे तेवढे दिवस सहसा भरत नाहीत, ते एक वेळ समजू शकते. पण कामावर अपघात झाला तर अशी अट नाही. कामाला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून तो विम्यात आहे आणि बरा होईपर्यंत साधारण ९० टक्के मजुरी त्याला मिळायला हवी. म्हणजे हंगामी कामगारासाठी या योजनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच, आणि तीच नेमकी हातची जाते, कारण ठेकेदार नोंदणी महिनाअखेरीला करतो, काही जण करतच नाहीत. हबमध्ये पाय ठेवायच्या आधी विमा क्रमांक निघाला पाहिजे. गेटपास त्याशिवाय बनूच नये.

पीएफचं रडगाणं आपल्याला नवीन नसेल. ते केंद्राकडे आहे हेही मला ठाऊक आहे. तरी दोन ओळी लिहिते. आधारवर सासरचं नाव, पासबुकवर माहेरचं; ठेकेदार घाईत भलत्याच स्पेलिंगनं खातं उघडतो; पुढच्या वर्षी दुसरा ठेकेदार दुसरं खातं उघडतो; आधीच्यानं काम सोडल्याची तारीख भरलेली नसते. थोडे थोडे पैसे तीन ठिकाणी अडकून पडतात आणि ठाण्याच्या पीएफ ऑफिसात एक खेप म्हणजे एक रोज बुडाला, म्हणून बाई तो नाद सोडून देते. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. वर्षाला अडीच-तीन महिने असे तुकडे तुकडे जमवून दहा वर्षं व्हायला जन्म जाईल हे कळतं मला. पण यातल्या पुष्कळ जणी उरलेल्या वर्षात काही घरी बसत नाहीत. कुणी रबाळ्याला औषधांच्या पॅकिंगला जाते, कुणी तुर्भ्याला मसाल्याच्या युनिटमध्ये. सगळीकडचे तुकडे एका क्रमांकाखाली आले असते तर त्यांचं काहीतरी उभं राहिलं असतं. ई-श्रम कार्ड काढा म्हणतात. काढलंय. पण ते पीएफ-ईएसआयसी नसलेल्यांसाठी, आणि त्यावर मी कोण ते आहे, मी कुणाकडे किती दिवस राबले ते नाही. वर्षातले तीन महिने आम्ही एका यादीत, नऊ महिने दुसऱ्या, आणि दोन्ही याद्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

हे सगळं आपल्या राज्याला जमण्यासारखं आहे, असं मी ठामपणे म्हणते, त्याला कारण आहे. माझे सासरे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. कोपरखैरण्याचं आमचं घर त्यांच्या त्या नोकरीतलं. नोकरी तरी कसली? ते कुणा एका व्यापाऱ्याचे नोकर नव्हते. आज या गाळ्यावर, उद्या त्या, जिथं गाडी लागेल तिथं टोळी जायची. हंगामात कांद्याच्या गाड्यांची रांग, मधे मंदी. आमच्या कामाचा जसा भरवसा नाही तसाच त्यांच्याही नव्हता. तरीही निवृत्तीला त्यांच्या हातात पीएफ आला, ग्रॅच्युइटी आली. कारण त्यांची नोंद व्यापाऱ्याकडे नव्हती, माथाडी मंडळाकडे होती. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांतले हमाल उभे केले, त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगार मंडळात नोंदलेला, मालकही मंडळात नोंदलेला. मालकानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरायची आणि मंडळानं ती कामगाराच्या नावावर चढवायची. मालक रोज बदलला तरी माणसाचा हिशेब एकाच ठिकाणी वाढत जायचा. संगणक नव्हता त्या काळात, रजिस्टर आणि पावत्यांवर, हे या राज्यानं करून दाखवलंय. पुढे १९८१ मध्ये सुरक्षारक्षकांसाठीही तसाच कायदा झाला.

माथाडीचं नाव काढलं की कंपन्या दचकतात, आणि त्यांच्या धास्तीला आधार नाही असं मी म्हणणार नाही. माथाडीच्या नावावर गेटवर येऊन पैसे उकळणारे लोक या पट्ट्यात आहेत. खऱ्या माथाडी कामगाराचं त्यांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं कुणीच केलं नसेल; माझे सासरे त्यांच्याबद्दल बोलताना अजून संतापतात. पण खंडणीखोरांना आवरणं पोलिसांचं काम आहे, आणि त्यांच्या भीतीनं प्रामाणिक नोंदणीची पद्धतच टाकून द्यायची हे मला मान्य नाही. पार्सलच्या हंगामी कामगारांना माथाडी म्हणा किंवा म्हणू नका, त्यावर मी अडून बसणार नाही. माथाडी मंडळानं पन्नासेक वर्षांपूर्वी जी गोष्ट ओळखली, की मालक टिकत नसेल तर नोंद मालकाच्या हातात ठेवायची नाही, तेवढी घ्या.

ठेकेदारांची बाजूही मी ऐकली आहे. एक जण मला म्हणाला, 'दहा मुलं लावली तर सहा दोन दिवसांत पळतात. कुणाकुणाचे कागद करत बसू?' पळतात हे खरं आहे. पहिल्या दोन रात्रीत पाय सुजतात, आणि उभं राहून सॉर्टिंग करणं सगळ्यांना झेपत नाही. पण पळालेल्या मुलाचे ते दोन रोज ठेकेदाराच्या बिलात असतात. कंपनीकडून माणशी दिवसाचे पैसे घेताना त्याला त्या मुलाची नोंद बरोबर सापडते. बिल लावायला जी हजेरी चालते तीच आम्हाला दाखवायला का चालू नये?

बाइकवरच्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलांबद्दल आता थोडंफार बोललं जातं, ते चांगलंच आहे. राजस्थाननं २०२३ मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्यांचा उल्लेख आहे. ती मुलं लोकांच्या दारात येतात, दिसतात, त्यांना कुणी पाणी तरी विचारतं. शटरच्या आतल्या माणसाला गिऱ्हाईक कधी बघतच नाही. म्हणून आमचं गाऱ्हाणं बाहेर यायला वेळ लागला असावा. रात्रपाळी सुटल्यावर घरी जायची गैरसोय, शिफ्टला एवढ्या बायका आणि त्यांना मोजून दोन बाथरूम, पाच तासांनंतरच्या सुट्टीत डबा खायला जागा नसणं, यावरही लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण ते यात मिसळत नाही. नोंद झाली तर या गोष्टी मागायला आमच्या पायाखाली जमीन येईल, असं मला वाटतं. आज आम्ही तक्रार केली तर पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही इथं कामाला होता कशावरून?'

हंगाम कधी येतो हे कॅलेंडरमध्ये छापलेलं असतं, तेव्हा तपासणी तक्रारीची वाट बघत थांबायला नको. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात आपले अधिकारी महापे, पावणे, तुर्भे, वागळे इस्टेट आणि भिवंडीकडच्या मानकोली-दापोडे भागातल्या हबच्या गेटवर आले, तर एका फेरीत पुष्कळ समजेल. दिवसा येऊ नका अशी विनंती आहे. दिवसा कायम कामगार असतात आणि सगळं नीट दिसतं. रात्री आठ-नऊच्या सुमाराला पाळी बदलते तेव्हा या, आणि आत शिरायच्या रांगेतल्या कुठल्याही पाच जणांना विचारा: तुमचा मालक कोण? पाचांची पाच वेगळी उत्तरं येतील. गेटवर मराठीत आणि हिंदीत एक फलक सक्तीचा करा. त्यावर मुख्य मालकाचं नाव, त्या हंगामात माणसं पुरवणाऱ्या सगळ्या एजन्सींची नावं, रोजचा दर, ओटीचा दर आणि आपल्या ठाणे कार्यालयाचा तक्रारीचा नंबर. आणि दिवाळीनंतर ज्या आठवड्यात माणसं कमी करतात त्या आठवड्यात गेटच्या आतच हिशेबाचं टेबल लावायला सांगा, मुख्य मालकाच्या माणसासमोर. कार्ड परत घ्यायचं असेल तर त्या टेबलावर, पगाराची स्लिप आणि अनुभवाचा दाखला हातात दिल्यावरच घ्यायचं.

दाखला मोठा नको. नाव, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, काम काय, कुठल्या हबवर, पीएफ आणि विम्याचा क्रमांक, खाली शिक्का आणि सही. अर्ध्या पानात मावेल. तो आपल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरही चढवला, म्हणजे एजन्सीनं गाशा गुंडाळला तरी कामगाराला कधीही काढता येईल, तर माथाडी मंडळाच्या दिशेनं ते पहिलं पाऊल होईल. यंदा ठाणे आणि नवी मुंबईपुरतं करून बघा. राज्यभर करायचं की नाही ते पुढच्या वर्षी ठरवा.

यासाठी गणपती बसायच्या आधी ठाण्याच्या कार्यालयात एक बैठक लावावी, ही विनंती. या पट्ट्यातल्या पार्सल कंपन्यांचे लोक असावेत, माणसं पुरवणाऱ्या एजन्सी असाव्यात, पीएफ आणि ईएसआयसीचे अधिकारी असावेत आणि प्रत्यक्ष बेल्टवर काम केलेल्या दोन-तीन बायका असाव्यात. आम्ही यायला तयार आहोत. वहीवाल्या ताई वही घेऊन येतील, मी माझ्या पासबुकाची प्रत आणीन. सध्या मी दिवसपाळीला दुसरीकडे जाते, त्यामुळे वेळ संध्याकाळी पाचनंतरची किंवा शनिवारची दिलीत तर रोज न बुडवता येता येईल. उत्तर आपल्या ठाणे कार्यालयाच्या फलकावर लावलं तरी चालेल. आमच्यातली कुणीतरी दर सोमवारी तिकडे जाऊन बघेल.

कळावे,

आपली,
पार्सल हबमधली एक हंगामी कामगार,
कोपरखैरणे, नवी मुंबई